एमआरआय हातात असताना हातोडी कशाला?

प्रश्न : आई 63 वर्षांची आहे. गेले काही महिने तिचे पाय जड पडतात, चालताना चप्पल निसटते, ठेचा लागतात. ओळखीच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढायला सांगितला. त्यात 'गादी सरकली आहे' असं आलं. फिल्म घेऊन पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं आणि आईला गाल फुगवायला, कपाळाला आठ्या घालायला, डोळे मिटून उभं राहायला, एका रेषेत चालायला लावलं. गुडघ्यांवर हातोडी मारली, चक्क स्कूटरच्या किल्लीने तळपाय खरवडले. अर्धा तास हे चाललं. मग फिल्म दोन मिनिटं पाहिली आणि म्हणाले, "आता मानेचा एमआरआय काढून आणा." दुखणं पायात, फोटो कमरेचा, आणि आता मानेचा? इतकी यंत्रं आल्यावर या तपासणीला काही अर्थ उरलाय, की हा नुसता रिवाज? — एक वाचक, कराड

उत्तर : किल्लीने तळपाय खरवडला तेव्हा आईंच्या पायाचा अंगठा वर गेला की खाली, ते पाहिलंत का? बहुधा नाही, नातेवाइकांची नजर हातोडीवर असते. पण मानेच्या एमआरआयचा निर्णय त्या अंगठ्याने दिलेला असण्याची शक्यता बरीच आहे. पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. डॉक्टर काय शोधत होते, तेवढं मात्र सांगता येईल.

मज्जारज्जू मेंदूपासून निघतो, पण पाठीच्या कण्याच्या टोकापर्यंत पोचत नाही. मोठ्या माणसात तो साधारण कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली मणक्यांच्या पोकळीत असतो तो नुसता नसांचा झुबका. कमरेच्या खालच्या मणक्यांत गादी सरकली तर नस दाबली जाते, मज्जारज्जू नव्हे. नस दाबली गेली की तिच्या ताब्यातला स्नायू ढिला पडतो, पुढे बारीक होतो आणि हातोडी मारल्यावर पाय नीट उडत नाही. मेंदूकडून येणाऱ्या वाटेला मज्जारज्जूत किंवा मेंदूत इजा झाली, तर सगळं उलटं होतं. पाय ताठरतात, हातोडी नुसती टेकली तरी जोरात उडतात, आणि तळपायावर किल्ली ओढली की अंगठा वर जातो. 'पाय जड पडतात' ही तक्रार दोन्हीकडे सारखीच. म्हणून फिल्मवर कमरेत कितीही गाद्या सरकलेल्या दिसोत, पाय ताठ आणि अंगठा वर असेल तर खरा दोष कमरेच्या वर कुठेतरी शोधावा लागतो. छातीच्या मणक्यांत की त्याच्याही वर, हे हात सांगतात. डॉक्टरांनी आईंच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारून हाताचा अंगठा आत वळतो का, हे पाहिलं असेल. ब्लाउजचे हूक लावायला हल्ली वेळ लागतो का, असंही विचारलं असेल. तिथे 'हो' आलं की मानेवर संशय जातो.

आता त्या सरकलेल्या गादीबद्दल. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआयचे अनेक अभ्यास एकत्र करून 2015 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या निरोगी लोकांपैकी 30 टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या 84 टक्क्यांच्या गाद्या बाहेर आलेल्या दिसल्या. यांतल्या कुणालाही काही त्रास नव्हता. केस पांढरे व्हावेत तशा गाद्या झिजतात. त्यामुळे साठी ओलांडलेल्या माणसाच्या फिल्मवर काहीतरी सापडणं जवळजवळ ठरलेलंच असतं. सापडलेलं ते त्रासाचं कारण आहे का, हे फिल्म सांगत नाही. मला विचाराल तर तपासणीआधी एमआरआय काढण्याची आपली पद्धत पैशांइतकीच निदानालाही महाग पडते. एकदा रिपोर्टात 'गादी' लिहिलं गेलं की घरातले सगळे त्या गादीला चिकटून बसतात.

दिवे गेल्यावर वायरमन आधी विचारतो, सगळ्या घराचे गेले की एकाच खोलीचे? शेजाऱ्यांकडे आहेत का? भिंत फोडण्याचा विषय त्यानंतरचा. मेंदूच्या डॉक्टरचा अर्धा तास याच प्रश्नात जातो. काय झालंय याआधी त्याला कुठे झालंय हे ठरवायचं असतं. मेंदूचा वरचा थर, मेंदूचं देठ, लहान मेंदू, मज्जारज्जू, नस, नस आणि स्नायू यांचा सांधा, की खुद्द स्नायू? गाल फुगवणं, रेषेत चालणं, डोळे मिटून उभं राहणं यांतली प्रत्येक गोष्ट यांपैकी एखादी जागा यादीतून काढून टाकते.

हातोडीची ही विद्या फार जुनी नाही. 1875 मध्ये विल्हेल्म अर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी एकाच नियतकालिकातून, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गुडघ्याखाली टिचकी मारल्यावर पाय उडतो याची दखल घेतली. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे हे अर्बने ओळखलं. वेस्टफालला ती स्नायूची आपली आपण होणारी हालचाल वाटली. अर्ब बरोबर होता. वाटीखालच्या दोरीवर हातोडी पडली की मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो, ताणाची खबर मज्जारज्जूत जाते आणि तिथूनच 'आखड' असा हुकूम घेऊन परतते. मेंदूला कुणी विचारतही नाही. पण मेंदू वरून या क्रियेला सतत आवरून धरत असतो. ते आवरणं सुटलं की पाय बेताल उडतो. म्हणजे गुडघ्यावरच्या एका ठोक्यात स्नायू, नस, मज्जारज्जू आणि मेंदूचा लगाम या चौघांची हजेरी लागते.

अंगठ्याचं श्रेय पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की यांचं. 1896 मध्ये त्यांनी जेमतेम 28 ओळींचं टिपण वाचलं, आणि मेंदूविज्ञानात त्याहून उपयोगी 28 ओळी क्वचितच लिहिल्या गेल्या असतील. तळपायाच्या बाहेरच्या कडेने टाचेकडून बोटांकडे खरवडलं तर निरोगी माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणारी वाट तुटली असेल तर वर जातो. वर्षभराच्या आतल्या बाळाचाही वर जातो, कारण त्या वाटेवरचं आवरण अजून पुरं झालेलं नसतं. त्या काळी पॅरिसच्या इस्पितळांत मोठा पेच असा होता, की समोरच्या रुग्णाचा लुळा पाय मेंदूच्या इजेने लुळा आहे, की ज्याला तेव्हा 'हिस्टेरिया' म्हणत त्याने? रुग्ण सांगतो ते दोन्हीकडे सारखंच. अंगठा मात्र रुग्णाच्या इच्छेने असा वागत नाही. बाबिन्स्कींच्या हाती साक्षीदार लागला.

याच पेचाची दुसरी बाजू 1908 मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स हूव्हर यांनी सोडवली. उताणं झोपून उजवा पाय उचलायला जा. डावी टाच आपोआप बिछान्यात रुतते. एखाद्याला 'लुळ्या पायाची टाच दाबा' म्हटलं तर दाबता येत नाही, पण चांगला पाय उचलायला सांगितलं की तीच टाच जोरात दाबली जाते. म्हणजे वाट शाबूत आहे, तिचा वापर बिघडलाय. पूर्वी हे दिसलं की रुग्णाला 'नाटकी' ठरवून घरी पाठवत. आताचे चांगले डॉक्टर हीच खूण रुग्णाला दाखवतात आणि सांगतात, तुमच्या पायात ताकद आहे, ती परत वापरायला शिकवता येईल. त्रास खराच असतो.

तुमचा मूळ प्रश्न यंत्राचा होता, तर यंत्र हरल्याचं एक उदाहरण देतो. अचानक सुरू झालेली, तासन्‌तास न थांबणारी चक्कर. सोबत उलट्या, डोळ्यांची बुबुळं थरथरतात. बहुतेकांत दोष आतल्या कानाच्या नसेत असतो आणि तो काही दिवसांत निवळतो. काहींत मात्र तो मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात असतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये अशा 101 रुग्णांचा अभ्यास छापला. पहिल्या दोन दिवसांत काढलेल्या एमआरआयमध्ये पक्षाघाताचे 12 टक्के रुग्ण निसटले. डोळ्यांच्या तीन हालचाली पाहणाऱ्या, मिनिटाभराच्या तपासणीतून एकही निसटला नाही.

त्यातली एक हालचाल मला फार आवडते, कारण ती उफराटी आहे. डॉक्टर रुग्णाचं डोकं दोन्ही हातांत धरतात, 'माझ्या नाकाकडे बघत राहा' म्हणतात आणि डोकं थोडंसं पण झटकन एका बाजूला वळवतात. कान ठीक असेल तर डोळे नाकावरून हलत नाहीत. कानाची नस बिघडली असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहवतात आणि मग टुणकन उडी मारून नाकावर परत येतात. आता, चक्कर थांबत नाहीये आणि ही उडीही दिसत नाही, म्हणजे तपासणी 'नॉर्मल' आली, तर घाबरायचं. कान निर्दोष असेल तर दोषी मेंदू. तपासणीत बिघाड सापडला म्हणून डॉक्टर सुस्कारा सोडतात असे प्रसंग वैद्यकात फार नसतील. अर्थात हे सरावलेल्या हाताचं काम आहे. व्हिडिओ बघून घरी कुणाच्या मानेला झटके देऊ नका. आणि कूस बदलली की मिनिटभर गरगरतं, मग थांबतं, अशी चक्कर वेगळी. ती कानातले बारीक खडे जागा सोडून फिरल्याने येते आणि बिछान्यावर डोकं ठराविक क्रमाने वळवून बहुतेकदा जाते. आपल्याकडे तिला 'मणक्याची चक्कर' म्हणून वर्षानुवर्षं मानेचा पट्टा लावून फिरणारे कितीतरी लोक आहेत.

कपाळाला आठ्या घालायला का लावलं? चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला हुकूम मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूकडून येतो, कपाळाला दोन्ही बाजूंकडून. त्यामुळे पक्षाघातात तोंड वाकडं झालं तरी आठ्या साधारणपणे शाबूत राहतात. चेहऱ्याची नसच सुजली असेल, म्हणजे ज्याला आपल्याकडे 'वारं लागलं' म्हणतात, तर आठीही पडत नाही आणि डोळाही मिटत नाही. त्यात पहिल्या तीन दिवसांत स्टिरॉइड सुरू केलेलं बरं. पक्षाघातात मात्र गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते. म्हणून तोंड अचानक वाकडं झालं तर आरशासमोर आठ्या मोजत बसू नका, निघा.

काही खुणा डॉक्टरांआधी घरच्यांनाच दिसतात. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेला माणूस कधीकधी जगाची डावी बाजूच विसरतो. डोळे चांगले असतात, पण डावीकडे काही आहे हेच त्याच्या गावी नसतं. आपल्या ताटात ही गोष्ट छान उघडी पडते. भाजी-आमटी संपते, आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी राहते. ताट फिरवून दिलं की तीही खातो. सुनेला वाटतं सासऱ्यांची चव गेली. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मागच्या भागात इजा झाली तर माणूस सफाईने, पण अर्थ नसलेलं बोलू लागतो, आणि घरचे 'भ्रमिष्ट झाले' म्हणून त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात. डॉक्टर पेन दाखवून 'हे काय?' विचारतात आणि एखादं वाक्य मागोमाग म्हणायला लावतात, ते यासाठी. न शिकलेल्या आजींना शंभरातून सात-सात वजा करायला सांगणं व्यर्थ असतं. जाणता डॉक्टर त्यांना बाजाराचा हिशेब विचारतो.

कंपवाताचं तर निदानच मुळी पाहून होतं. साधा एमआरआय त्यात बहुतेकदा स्वच्छ येतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं ते अवघ्या सहा रुग्णांवरून, आणि त्यांतल्या काहींना तर त्यांनी नुसतं रस्त्यात पाहिलं होतं. चालताना एक हात हलत नाही, बसल्यावर अंगठा आणि बोट थरथरत राहतात, अक्षर बारीक होत जातं, हे बघायला आजही डोळेच लागतात.

डोळे मिटून उभं करण्यामागे बर्लिनच्या मॉरिट्झ रॉम्बर्ग यांचं एकोणिसाव्या शतकातलं निरीक्षण आहे. पाय कुठे आहेत ही खबर नसांतून नीट येत नसेल तर माणूस ती डोळ्यांनी भरून काढतो. डोळे मिटले की डोलतो. 'तोंड धुताना साबण लावला की तोल जातो' ही तक्रार म्हणजे हीच तपासणी, फक्त मोरीत झालेली. त्या काळी कारण बहुधा उपदंश असायचं. आज आपल्याकडे मधुमेह आणि बी-12 ची कमतरता, विशेषतः पक्क्या शाकाहारी घरांत. डॉक्टर पायाच्या अंगठ्यावर वाजता चिमटा टेकवून 'झिणझिण जाणवते का?' विचारतात, ते इथे कामाला येतं. लवकर ओळखलं तर बी-12 ची इंजेक्शनं पुरतात.

भारतीय डॉक्टर आणखी एक गोष्ट करतात, जी परदेशातले सहसा करत नाहीत. कोपराच्या मागची, मानेच्या कडेची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस बोटांनी चाचपतात. ती दोरीसारखी जाड लागली तर कुष्ठरोगाची शंका येते. 2005 च्या अखेरीस देशपातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं, तरी नवे रुग्ण सापडतातच. करंगळी वाकडी होऊन आलेल्या माणसाच्या कोपरामागे हात घालणं फुकट असतं आणि दहा सेकंदांत होतं.

मुंबईचं एक नाव इथे घ्यायलाच हवं. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशिर वाडिया. तोल जाणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या तोच आजार असलेल्या घरांमधले रुग्ण तपासताना त्यांना दिसलं, की या लोकांची नजर एका वस्तूवरून दुसरीवर झटकन उडत नाही, संथ सरकते. अशा नऊ कुटुंबांबद्दल त्यांनी सहकारी स्वामी यांच्यासह 1971 मध्ये लिहिलं. या आजाराच्या ज्या प्रकाराशी ते वर्णन पुढे मुख्यतः जोडलं गेलं, त्याचा जनुक सापडायला 1996 उजाडलं. त्याच 1971 मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ होती. 1969 मध्ये घानात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा लोकांनी तिला अपोलो यानाचं नाव दिलं होतं, बंगालमध्ये तिला 'जय बांगला' म्हणत. साथ ओसरताना पोलिओसारखे पाय लुळे पडलेली मोठी माणसं येऊ लागली. 'आधी डोळे आले होते का?' या प्रश्नाने धागा जुळला. वाडिया आणि सहकाऱ्यांनी ते 1972 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. इथे तर हातोडीच्याही आधी नुसती विचारपूस उपयोगी पडली.

हातोडीची मर्यादाही सांगायला हवी. पक्षाघात गुठळीमुळे झाला की रक्तस्रावामुळे, हे खाटेशेजारी उभं राहून खात्रीने कुणालाही सांगता येत नाही. त्याला सीटी स्कॅनच लागतो. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ बराच काळ एकही खूण दाखवत नाही. अंगठा वर गेला की खाली, यावर दोन अनुभवी डॉक्टरांचंही कधीकधी जमत नाही. तेव्हा मानेचा एमआरआय जरूर काढा. फिल्म कुठल्या जागेची काढायची हे यावेळी कुणीतरी ठरवून सांगितलंय. आणि ढिलाई करू नका. मानेत मज्जारज्जू दाबला गेला असेल तर उशिराने झालेलं नुकसान सगळं भरून येत नाही.

प्रश्न : भाऊ अपघातानंतर आयसीयूत होता. डॉक्टर रोज 'जीसीएस सात', 'आज आठ' असं सांगायचे. हे कशापैकी असतं?

उत्तर : पंधरापैकी. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी 1974 मध्ये शुद्धीची ही मोजणी आणली. डोळे उघडण्याचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6. प्रत्येकात किमान 1 मिळतोच, म्हणून शून्य कधीच नसतं. सगळ्यात कमी 3. आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. तोंडात नळी असेल तर बोलण्याचे गुण देता येत नाहीत, त्यामुळे नुसत्या बेरजेवर जाऊ नये. नातेवाइकांनी एकच गोष्ट विचारायची तर हालचालीचे गुण किती, हे विचारावं. पुढचा अंदाज त्यावरून अधिक येतो.

प्रश्न : मुलाने शाळेत वाचून घरात सगळ्यांच्या गुडघ्यांवर लाटणं मारून पाहिलं. माझा पाय उडालाच नाही. काळजीचं आहे का?

उत्तर : बहुधा नाही. पाय अधांतरी लोंबकळत हवा आणि मन दुसरीकडे हवं. लाटणं येताना दिसलं की मांडी आपोआप आवळली जाते. बुडापेस्टच्या येंद्राशिक यांनी 1885 मध्ये यावर युक्ती सांगितली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायची, आणि तेवढ्यात दुसऱ्याने ठोका द्यायचा. कित्येकांचा हट्टी पाय तेव्हा उडतो. तरीही न उडणारे काही निरोगी लोक असतातच. एक उडतो आणि दुसरा नाही, किंवा सोबत पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर मात्र दाखवून घ्या. आणि लाटण्याऐवजी तळहाताची कड वापरायला सांगा. हातोडी विसरलेले डॉक्टरही तेच करतात.